कर शून्य, तरी नोंद हवीच



आजचा विषय आपल्या घरांत फोनवरून सुरू होतो. "अगं, पैसे पाठवलेत, खात्यात आले का बघ." फोन सॅन होजेहून येतो, दुबईहून येतो, मेलबर्नहून येतो, आणि रक्कम जमा होते इंदूरला, बडोद्याला, बेळगावला, रत्नागिरीला. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "यावर कर लागतो का हो?" उत्तर देणारे शेजारीही ठरलेले असतात. ते म्हणतात, "घरच्या माणसांनी दिलेल्या पैशावर कसला आलाय कर? आणि कुठे काही कळवायलाही लागत नाही."

या उत्तरात दोन विधानं आहेत. कर लागत नाही, हे पहिलं. ते पुष्कळदा बरोबर असतं. कुठे काही कळवायला लागत नाही, हे दुसरं. ते पुष्कळदा चूक असतं. माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या अडचणी पाहिल्या, तर त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर उडी मारल्यामुळे झालेल्या असतात. म्हणून आज तीन घरं घेऊ. घरं कल्पनेतली आहेत, नियम खरे आहेत.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे एकेकाळी वारशावर कर होता. १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा १९८५ मध्ये बंद झाला. देणगीकराचा १९५८ चा कायदा होता, त्यात देणारा कर भरायचा. तो १९९८ मध्ये थांबला. २००४ पासून सरकारनं दिशा बदलली. आता भेट देणाऱ्याला कुणी विचारत नाही, घेणाऱ्याला विचारतात. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५६ मध्ये होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, पण भेटींच्या बाबतीतला गाभा तोच राहिला.

तो गाभा असा. एका वर्षात मिळालेल्या पैशांच्या भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेल्या, तर सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. वरची तेवढीच नव्हे, सगळी. याला अपवाद आहेत. नातेवाइकानं दिलेली भेट, तुमच्या स्वतःच्या लग्नात मिळालेली भेट, मृत्युपत्रानं किंवा वारसानं आलेली मालमत्ता, या गोष्टींवर कर नाही. देणारा परदेशात राहतो म्हणून नियम सैल होत नाही आणि कडकही होत नाही. प्रश्न एकच, नातं कोणतं?

आता पहिलं घर.

इंदूरला एक मावशी आहेत. बहीण नोकरी करायची म्हणून बहिणीच्या मुलाला त्यांनीच सांभाळलं, शाळेचे डबे त्यांनीच भरले. तो मुलगा आज अमेरिकेत आहे. मावशींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली. त्यानं न मागता सहा लाख रुपये पाठवले. "माय मरो पण मावशी जगो" असं म्हणणारी भाषा आपली. यापेक्षा जवळचं नातं ते कोणतं?

पण कायद्यातली नातेवाइकांची यादी नेहमी घेणाऱ्याच्या बाजूनं वाचायची असते. त्या यादीत कोण आहेत? नवरा किंवा बायको. सख्खे भाऊ-बहीण. नवऱ्याचे किंवा बायकोचे भाऊ-बहीण. आईवडिलांचे भाऊ-बहीण. आपली आणि जोडीदाराची वरची पिढी, म्हणजे आईवडील, आजी-आजोबा. खालची पिढी, म्हणजे मुलं, नातवंडं. आणि या सगळ्यांचे जोडीदार. म्हणजे वहिनी आहे, सून आहे, जावई आहे.

आता मावशीनं भाच्याला पैसे दिले तर? भाच्याच्या बाजूनं पाहा, मावशी ही आईची बहीण. ती यादीत आहे, म्हणून कर नाही. भाच्यानं मावशीला दिले तर? मावशीच्या बाजूनं पाहा. बहिणीचा मुलगा या यादीत नाही. भावाचा मुलगाही नाही. मावशी भाच्याची नातेवाईक आहे, पण भाचा मावशीचा नातेवाईक नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण नियम असाच आहे. चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ यांना आपण सगळ्यांना "भाऊ" म्हणतो. कायद्याच्या यादीत त्यातला एकही नाही.

मग मावशींचे सहा लाख करपात्र झाले. आता घाबरण्याआधी हिशोब करू. निवृत्तिवेतन वर्षाला तीन लाख धरा, वजावटी बाजूला ठेवा. एकूण उत्पन्न झालं नऊ लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत नऊ लाखांवर टप्प्यांप्रमाणे ३०,००० रुपये कर येतो. पण बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सूट आहे, म्हणून भरायचा कर शून्य. तेच त्यांनी जुनी प्रणाली निवडली, तर ज्येष्ठ नागरिक असूनही उपकरासह ९३,६०० रुपये भरावे लागतील. म्हणजे त्यांच्या बाबतीत कर शून्य होऊ शकतो. पण कधी? त्यांनी विवरणपत्र भरलं आणि त्यात ही भेट दाखवली तर. एरवी तीन लाखांच्या निवृत्तिवेतनावर त्या विवरणपत्र भरत नसतील. या वर्षी भरायलाच हवं.

नाही भरलं तर काय होतं? वर्ष-दोन वर्षांनी सूचना येते. खात्यात सहा लाख आले, ते कुठून आले? भाचा म्हणतो, बँकेला मी "कुटुंबनिर्वाहासाठी" असं सांगितलं होतं. ते कारण बँकेच्या नोंदीसाठी असतं. त्यानं भेटीवरचा कर बदलत नाही. आणि रकमेचा स्रोत पटवता आला नाही, तर ती रक्कम नेहमीच्या टप्प्यांत बसत नाही. तिला वेगळा चढा दर लागतो आणि मघाची सूटही मिळत नाही. गुडघ्यांसाठी आलेल्या पैशांची ही वाट लागू नये.

देणारा यादीतला असेल, समजा मुलगा, तरी तीन कागद जपा. एक, त्याचं साधं पत्र. त्यात तारीख, रक्कम, नातं आणि "भेट म्हणून देत आहे, परत नको" एवढं लिहिलेलं असावं. दोन, त्याच्या खात्यातून पैसे निघाल्याचा उतारा. तीन, आपल्या बँकेकडून मिळणारा परदेशातून रक्कम आल्याचा दाखला. विवरणपत्रात करमुक्त उत्पन्नाचा एक तक्ता असतो. मोठी भेट तिथे लिहून ठेवण्याचा प्रघात आहे, आणि मी तो पाळायला सांगतो. उद्या प्रश्न आला तर उत्तर आधीच नोंदवलेलं असतं.

कोकणातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. नवरा आखातात आहे, तो बायकोला पैसे पाठवतो. त्या भेटीवर कर नाही. पण तिनं ते पैसे मुदत ठेवीत टाकले, तर त्या ठेवीवरचं व्याज कायद्यानं नवऱ्याच्या उत्पन्नात मोजलं जातं. ठेव तिच्या नावावर, व्याज तिच्या खात्यात, हिशोब मात्र त्याच्या नावावर. त्याचं भारतातलं उत्पन्न मोजताना हे विसरू नका.

आता दुसरं घर, बडोद्याचं.

थोरला भाऊ चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला होता. लग्न केलं नाही. गेला, आणि मृत्युपत्रानं सगळं धाकट्याला ठेवलं. एक लहान घर, बँकेतली ठेव, थोडे शेअर्स. इंग्लंडमध्ये ३,२५,००० पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर साधारणपणे ४० टक्के वारसाकर असतो. तो भावाच्या मालमत्तेतूनच भागवला गेला. उरलेलं धाकट्याकडे आलं. भारतात वारशावर कर नाही, म्हणून इथे शून्य. धाकट्यानं विचार केला, ठेव तिथेच राहू दे, भाची लंडनला शिकायला जाणार आहे, तिला उपयोगी पडेल.

तसं ठेवता येतं का? येतं. परदेशात राहणाऱ्या माणसाकडून वारशानं आलेली परदेशातली मालमत्ता भारतातल्या रहिवाशाला तिथेच ठेवायला परकीय चलन कायदा, म्हणजे फेमा, परवानगी देतो. कलम ६ च्या पोटकलम ४ मध्ये ते स्पष्ट आहे.

पण ज्या दिवशी ती मालमत्ता याच्या मालकीची झाली, त्या दिवसापासून नोंदीची जबाबदारी सुरू झाली. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता आहे. भारतात नेहमी राहणाऱ्या माणसाची परदेशात मालमत्ता असेल, तर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असलं तरी विवरणपत्र भरावं लागतं आणि हा तक्ता त्यात भरावा लागतो. पगारदार आणि निवृत्त लोक भरतात तो सोपा पहिला फॉर्म इथे चालत नाही. त्यात हा तक्ताच नाही. आणखी एक गंमत आहे. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, पण या तक्त्यात जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात. २०२५-२६ च्या विवरणपत्रात ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच्या वर्षाची माहिती जाते. खात्यात वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक किती होती, शेवटची किती होती, व्याज किती आलं, हे सगळं लिहायचं.

तिथल्या ठेवीचं व्याज भारतात करपात्र आहे. तिथे कर कापला गेला असेल, तर तो इथल्या करातून वजा मिळतो, पण त्यासाठीही वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो.

हा तक्ता भरला नाही तर? २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा इथे लागू होतो. नाव ऐकून धाकटा भाऊ म्हणेल, अहो, माझा कुठला काळा पैसा? भावाच्या घामाचा पैसा आहे. खरं आहे. पण या कायद्यातला १० लाख रुपयांचा दंड पैसा काळा असल्याबद्दलच लागतो असं नाही. मालमत्ता न दाखवल्याबद्दलही तो लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून थोडी सवलत आहे. घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल, तर हा दंड लागत नाही. या धाकट्या भावाकडे मात्र लेस्टरचं घरही आहे. घराला ही सवलत नाही.

"कुणाला कळणार आहे?" हा प्रश्न आता विचारूच नका. शंभराहून अधिक देशांत खात्यांची माहिती आपोआप देण्या-घेण्याची व्यवस्था आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर विभागानं ज्यांची अशी माहिती आली होती, त्यांना संदेश पाठवून विवरणपत्रं सुधारायला सांगितलं होतं. आधी माहिती पोचते, मग संदेश येतो.

यातच आणखी एक खड्डा आहे. मुलगा सिंगापूरला असतो आणि सोय म्हणून भारतातल्या आईचं नाव तिथल्या खात्यावर सहीसाठी घालतो. आईनं त्यातला एक डॉलर काढलेला नसतो. तरी सहीचा अधिकार असलेलं खातंही या तक्त्यात दाखवायचं असतं. आईला तर आपलं नाव तिथे आहे हेही आठवत नसतं.

घर विकायची वेळ आली की भावाची जुनी कागदपत्रं लागतात. वारशानं आलेल्या घराचा नफा मोजताना भारतात मूळ मालकानं दिलेली किंमत धरतात, मृत्यूच्या दिवशीची नाही. भावानं घर किती पौंडांना घेतलं, याचा कागद धाकट्याकडे नसेल, तर हिशोब अडू शकतो. परदेशातल्या माणसाच्या घरची कपाटं रिकामी करताना आपण फोटो आणि दागिने आधी उचलतो. खरेदीखताची फाइलही उचला.

तिसरं घर बेळगावचं. इथे पैशांची दिशा उलटी आहे, आणि सगळ्यांत मोठा फटका इथेच बसू शकतो.

मुलगी न्यू जर्सीला, अमेरिकेची नागरिक. तिनं आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळवून दिलं. नातवंडांना सांभाळायला दोघं जाऊन-येऊन राहिली. २०१२ ला कार्ड मिळालं. २०२१ मध्ये वडील म्हणाले, आता पुरे, थंडी सोसत नाही, आपण आपल्या घरी बरे. आय-४०७ हा फॉर्म भरून कार्ड परत केलं. सगळं रीतसर झालं असं त्यांना वाटलं.

अमेरिकेच्या करकायद्यात "एक्स्पॅट्रिएट" या शब्दाला एक खास अर्थ आहे. ज्यानं तिथलं नागरिकत्व सोडलं तो. किंवा शेवटच्या पंधरा वर्षांपैकी निदान आठ वर्षं ज्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं आणि ज्यानं ते सोडलं, तोही. वर्षातला एक दिवस कार्ड असलं तरी ते वर्ष मोजतात. २०१२ ते २०२१ ही दहा वर्षं झाली. वडील या व्याख्येत बसले.

अशा माणसाला तीन कसोट्या लावतात. त्याची मालमत्ता २० लाख डॉलर किंवा जास्त आहे का? मागच्या पाच वर्षांतला त्याचा सरासरी वार्षिक आयकर ठरावीक आकड्याच्या वर आहे का? २०२५ साठी तो आकडा २,०६,००० डॉलर आहे. बेळगावच्या निवृत्त शिक्षकाचा या दोन्हींशी काही संबंध नाही. पण तिसरी कसोटी वेगळी आहे. मागच्या पाच वर्षांत अमेरिकेचे सगळे करनियम पाळले, असं त्यानं ८८५४ या फॉर्मवर शपथेवर लिहून दिलं का? नसेल दिलं, तर दोन खोल्यांचा फ्लॅट असलेला माणूसही करोडपतीच्याच रांगेत जातो.

आणि वडिलांनी ते दिलेलं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही. ग्रीन कार्ड असताना निवृत्तिवेतनाचं आणि भारतातल्या व्याजाचं विवरणपत्र अमेरिकेत भरायला हवं होतं, हेही त्यांना माहीत नव्हतं. उत्पन्न भारतातलं, कर भारतात भरलेला. अमेरिकेला काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

आता पुढचा भाग. १७ जून २००८ किंवा त्यानंतर कार्ड किंवा नागरिकत्व सोडलेला असा माणूस तिथल्या नागरिकाला किंवा कायमच्या रहिवाशाला काही देतो, हयातीत किंवा मृत्युपत्रानं, तेव्हा घेणाऱ्यावर कर आहे. तिथल्या कायद्याचं कलम २८०१. दर ४० टक्के. वर्षाला ठरावीक रक्कम सोडतात, २०२५ साठी ती १९,००० डॉलर आहे. यासाठीचा फॉर्म ७०८. नियमावली १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. मालमत्ता अमेरिकेतली असो की बेळगावची, कार्ड सोडण्याआधी घेतलेली असो की नंतर, फरक पडत नाही.

हिशोब करा. वडील गेले आणि दोन लाख डॉलर किमतीचं घर मुलीला मिळालं. १९,००० वजा जाता १,८१,००० उरले. त्यावर ४० टक्के म्हणजे ७२,४०० डॉलर. भारतात ज्या वारशावर एक रुपया कर नाही, त्यावर मुलीला तिकडे एवढी रक्कम. वडिलांच्या बाबतीत हे नियम लागतात की नाही, ते शोधून काढायची जबाबदारीही तिच्यावर. आणि तेव्हा विचारायला वडील नसतील.

ज्या आईवडिलांकडे ग्रीन कार्ड कधी नव्हतंच, त्यांच्या मुलांना हा कर नाही. पण वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट किंवा वारसा भारतातून मिळाला, तर तिथे ३५२० हा फॉर्म भरायचा असतो. कर शून्य. फॉर्म चुकला तर दंड मात्र महिन्याला पाच टक्के, जास्तीत जास्त पंचवीस टक्के, तोही मिळालेल्या रकमेवर.

बेळगावच्या घरात काय करता येईल? वडील हयात आहेत, हीच मोठी गोष्ट आहे. राहून गेलेली विवरणपत्रं आणि फॉर्म आज भरून काही दुरुस्त होतं का, हे दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या माणसाला आजच विचारता येतं. मृत्युपत्रात काय लिहावं, हे त्यानंतर ठरवता येतं. आणि ज्यांच्या आईवडिलांचं कार्ड अजून परत करायचं आहे, त्यांनी आधी वर्षं मोजा. आठ व्हायची आहेत की होऊन गेली, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कपाटात ठेवलेलं कार्ड मुदत संपली म्हणून आपोआप सुटत नाही, हेही लक्षात ठेवा.

तिन्ही घरांत कुणी काही लपवलं नव्हतं. मावशीला भाच्याचं प्रेम मिळालं, धाकट्याला भावाची आठवण मिळाली, मुलीला वडिलांचं घर मिळणार आहे. चूक एवढीच, की घरातली गोष्ट घरातच राहते असं सगळ्यांनी धरलं. पैसा सीमा ओलांडून आला की ती दोन सरकारांच्या वहीतली नोंद होते. आपली नोंद त्यांच्या नोंदीशी जुळली पाहिजे, बस.

म्हणून या रविवारी परदेशातल्या माणसांशी बोलाल, तेव्हा तब्येत आणि हवामान झाल्यावर तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी कुणी कुणाला किती दिलं? परदेशात आपल्या कुणाचं नाव कुठल्या खात्यावर आहे? आणि घरात कुणाचं ग्रीन कार्ड होतं का, किती वर्षं, कसं सोडलं? उत्तरं एका वहीत, तारखेसह लिहा. ती वही घेऊन तुमच्या सल्लागाराकडे जा. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून दरवर्षी जा.

शेजाऱ्यांनी पुन्हा म्हटलं की "काही कळवायला लागत नाही", तर त्यांना चहा द्या आणि म्हणा, कर लागत नसेल हो, पण कळवायचं असतं.